लिलीपाँडमध्ये ‘एकाच वेळी दोन इव्हेंट’ अशी वॉर्निंग का येते? ती कशी सोडवायची?

लिलीपाँड हे स्टाफ नोटेशन छापण्याचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्याचं काम १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं. यात माऊसने सूर ओढून बसवायचे नसतात. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कोड लिहायचा, कम्पाइल केलं की पीडीएफ तयार!

कधीकधी पीडीएफ तयार होते, पण लॉगमध्ये वॉर्निंग दिसते: एकाच क्षणी दोन इव्हेंट आले, त्यातला एक टाकून दिला. पीडीएफ मिळाली म्हणून अनेकजण हे वाचतच नाहीत. पण तुम्ही लिहिलेली एक खूण छापलेल्या पानावर नाही, असा याचा अर्थ. वादक तर पान बघूनच वाजवणार!

असं का होतं?

काही खुणा एका जागी, एका वेळी एकच चालतात. आधी आलेली राहते, नंतरची जाते.

• टेम्पो: तो अख्ख्या स्कोअरचा असतो. व्हायोलिनच्या पार्टमध्ये ९६ आणि चेलोच्या पार्टमध्ये ९२ लिहिलं, तर टक्कर होते.

• डायनॅमिक्स: म्हणजे जोरात किंवा हळू वाजवण्याच्या खुणा. या प्रत्येक व्हॉइसच्या वेगळ्या असतात. दोन बासरींचे पार्ट एकाच ओळीत जोडले, एकीला ‘एफ’ आणि दुसरीला ‘पी’ असेल, आणि दोन्ही सूर एका व्हॉइसमध्ये गेले, तर एक खूण उडते.

काय करायचं?

१. वॉर्निंगमध्ये फाइलचं नाव, ओळ आणि कॉलम दिलेला असतो. आधी तिथे जा.

२. त्या जागी कोणती खूण खरी, ते मूळ स्वरलिपीत तपासा.

३. टेम्पो एकाच कॉमन व्हेरिएबलमध्ये लिहा, बाकी पार्टमधून काढा.

४. दोन्ही डायनॅमिक्स हवे असतील तर तेवढ्या भागापुरते व्हॉइस वेगळे ठेवा.

५. एखादी खूण सुट्या पार्टमध्ये हवी, पण पूर्ण स्कोअरमध्ये नको? मग तिला टॅग लावा आणि स्कोअर बनवताना तो टॅग वगळा.

हे करू नका

लॉगची पातळी बदलून फक्त एरर दाखवायला सांगता येतं. मग वॉर्निंग दिसत नाही, पण खूण उडायची ती उडतेच. तालमीआधी पीडीएफ ग्रुपवर टाकणार असाल, तर आधी लॉग एकदा वाचाच.