गडचिरोलीतील दारूमुक्ती

महाराष्ट्राच्या पूर्वसीमेवरील गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या मागणीतून आलेली दारूबंदी व तिला जोडून उभे राहिलेले व्यसनमुक्तीचे कार्य. येथील गोंड, माडिया इ. आदिवासी समाजांत मोहाच्या फुलांच्या दारूला देवपूजा, लग्न, मर्तिक अशा प्रसंगी परंपरेने स्थान आहे. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात दारूविक्रीचे मक्ते लिलावाने दिले जात. त्यामुळे विधीतील हे पेय महसुलाचे व व्यापाराचेही साधन बनले.

अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. नवऱ्यांच्या व्यसनाने गांजलेल्या स्त्रिया, गावोगावचे ठराव व मोर्चे यांतून चळवळ वाढली आणि १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. तथापि दुकाने बंद झाली, तरी चोरटी विक्री थांबली नाही. शिवाय व्यसनी माणसाला उपचारांची गरज उरलीच. उपचार परके वाटू नयेत, म्हणून ‘सर्च’ने शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासी खेड्यातील घरांच्या धर्तीवर बांधले व त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. २०१६ मध्ये शासन, टाटा ट्रस्ट व ‘सर्च’ यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमात लोकजागृती, गावसंघटन, कायद्याची अंमलबजावणी व उपचार या चार अंगांची सांगड घालण्यात आली. गावसंघटना मोहसडवा नष्ट करतात, तर व्यसनींसाठी उपचार शिबिरे भरतात.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या नियंत्रणात अधिकार दिला. पूजेची दारू व धंद्याची दारू यांतील भेद गावालाच नेमका ठाऊक असल्याने या कार्यात ग्रामसभेचे महत्त्व मोठे आहे.