घराजवळचा वृक्ष : निगा, छाटणी आणि तोड
उज्जैनच्या काळ्या मातीतील अनुभव, गोमंतकीय घरमालकांसाठी

घराच्या आवारातील वृक्षाचे आरोग्य तपासणे, त्याची योग्य छाटणी करणे आणि दुसरा उपाय उरला नसेल तेव्हा तो सुरक्षितपणे उतरवणे, या तिन्ही कामांना मिळून वृक्षनिगा म्हणतात. यांपैकी तिसरे काम लोकांच्या डोळ्यांत भरते. पहिली दोन बहुधा दुर्लक्षित राहतात. घरावर कोसळणाऱ्या झाडांचा पूर्वेतिहास पाहिला, तर अनेकदा वर्षांपूर्वी चुकीच्या जागी घातलेला घाव, बुंध्याभोवती ओतलेले काँक्रीट किंवा नळासाठी तोडलेली मुळे सापडतात. झाड धोक्याचे होण्यात त्याच्या वयाइतकाच माणसाच्या हाताचाही वाटा असतो.

माळव्यातील उज्जैन हे शहर या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. गोमंतकीयांना ते महाकालेश्वरामुळे आणि सिंहस्थामुळे परिचित आहे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हापासून मराठी कुटुंबांचे या शहराशी नाते आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी जुने वाडे आणि मराठी वस्ती येथे राहिली. या घरांच्या अंगणात कडुनिंब, चिंच, पिंपळ आणि वड हे वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत.

हवामान आणि वादळे

उज्जैनमध्ये वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गोव्याच्या पावसाचा तो साधारण तिसरा हिस्सा होय. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि अशा दिवसांत अंगणातील कडुनिंबाची सावली ही चैन नसून गरज असते. त्यामुळे ‘धोका नको, तोडून टाकू’ हा निर्णय तेथील घरमालकाला महागात पडतो.

धोका मात्र खरा आहे. पावसाळ्यापूर्वीची वादळे माळव्यात अचानक येतात. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थ मेळ्यात वादळी पावसाने मंडप कोसळून यात्रेकरूंचा बळी गेला. २८ मे २०२३ रोजी सोसाट्याच्या वाऱ्याने महाकाल लोक परिसरातील सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती चौथऱ्यावरून पडल्या. महिना दोन्ही वेळा मे हाच होता. म्हणून उज्जैनमध्ये झाडाची तपासणी आणि छाटणी थंडीतच, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, उरकणे हिताचे ठरते. कडुनिंबाला वसंतात नवी पालवी फुटण्यापूर्वी हे काम झाले, तर त्याला सावरायला वेळ मिळतो.

वराहमिहिराचा वृक्षायुर्वेद

झाडाला वैद्य लागतो ही कल्पना उज्जैनला नवी नाही. सहाव्या शतकातील ज्योतिर्विद वराहमिहिर हा अवंतीचा रहिवासी. त्याच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात वृक्षायुर्वेदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे झाडाला रोग होतो. पाने फिकट पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे आणि रस गळणे ही त्याची लक्षणे, असे तो नोंदवतो. उपचार म्हणून आधी शस्त्राने रोगट भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे, असे तो सांगतो.

दोन झाडांमधील अंतर त्याने वीस हात असल्यास उत्तम, सोळा असल्यास मध्यम आणि बारा असल्यास किमान मानले आहे. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर उत्तम अंतर तीस फुटांच्या घरात जाते. झाडे एकमेकांना टेकली आणि मुळे गुंतली की ती नीट फळत नाहीत, हे कारणही तो देतो. घराजवळ लावण्यास शुभ मानलेल्या वृक्षांत त्याने अरिष्ट, म्हणजे टीकाकारांच्या मते कडुनिंब, धरला आहे. उलट चीक असलेली झाडे घराला लागून नसावीत असे म्हटले आहे. वड आणि पिंपळ ही चिकाचीच झाडे. त्याने दिलेली कारणे शुभाशुभाची आहेत; परंतु या दोन्ही वृक्षांची मुळे भिंतीत आणि पायात शिरतात, हे आजचा कोणताही गवंडी सांगेल.

काळी माती आणि घराचा पाया

उज्जैनची जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली काळी चिकणमाती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला रुंद भेगा पडतात. मोठे झाड उन्हाळ्यात मुळांवाटे मातीतील ओल शोषून घेते. त्यामुळे त्या बाजूची माती अधिक आक्रसते, पाया एका अंगाने खचतो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात.

भेगा दिसल्या की झाड तोडावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच घाई नडते. झाड नाहीसे झाल्यावर मातीत ओल परत साठू लागते आणि ती पुढची काही वर्षे हळूहळू फुगत राहते. झाड घराच्या आधीपासून तेथे असेल, तर घर कोरड्या, आक्रसलेल्या मातीवर बांधलेले असते; अशा वेळी झाड काढल्यावर पाया वर उचलला जाऊन नव्या भेगा पडू शकतात. म्हणून झाड आधीचे की घर, हा प्रश्न तोडीपूर्वी विचारलाच पाहिजे. उत्तर ‘झाड’ असे असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. अनेकदा घेर मर्यादित ठेवणारी नियमित छाटणी पुरेशी ठरते. नवे घर बांधताना काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया हा सिद्ध पर्याय आहे.

गोव्याच्या जांभ्या जमिनीत माती अशी फुगत नाही. तेथील धोका वेगळा आहे : मुसळधार पावसाने मऊ झालेली माती आणि उतारावरची उथळ मुळे. तरीही मुळांचा नियम दोन्हीकडे सारखाच. बहुतेक पोषक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. जलवाहिनीसाठी बुंध्यालगत खणलेला चर झाडाचा आधारच कापतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतल्याने मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. अंगणात फरशी घालताना घरमालकानेही किमान तेवढी जागा मोकळी सोडावी.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणांपैकी एखादे दिसले, तरी जाणकाराला बोलवावे.

• बुंध्याशी किंवा मुळांवर उगवलेली भूछत्रे. आतील लाकूड कुजत असल्याची ही खूण असते.
• झुकलेल्या झाडाच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली असणे. वर्षानुवर्षे झुकून वाढलेल्या झाडापेक्षा अलीकडे कललेले झाड अधिक धोक्याचे.
• दोन जाड फांद्या अरुंद कोनात फुटून मध्ये साल दाबली गेलेली असणे.
• शेंड्याकडच्या वाळलेल्या फांद्या आणि बुंध्यावरील उभ्या चिरा.

झाड पोकळ असले म्हणजे ते धोकादायक असतेच असे नाही. भोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल, तर पोकळ झाडही बहुधा तग धरते.

छाटणी कशी असावी

अमेरिकी वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडे उभी चिरून अभ्यासली. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही; झाड कुजक्या भागाभोवती भिंती उभारून तो वेगळा पाडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते, असे त्यांनी दाखवले. फांदीच्या बुडाशी जो फुगीर वेढा असतो, तेथे या बचावाची मुख्य फळी असते. म्हणून फांदी त्या वेढ्याच्या लगेच बाहेर कापावी. खोडाला सपाट भिडवून कापल्यास वेढाच नष्ट होतो. लांब खुंट ठेवल्यास तो कुजून कूज आत नेतो. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासण्याने कूज थांबत नाही, असेही या संशोधनातून दिसले. वराहमिहिराच्या उपचारातील सफाईचा भाग आजही ग्राह्य आहे. लेपाची मात्र गरज उरलेली नाही.

जड फांदी तीन घावांत उतरवतात. पहिला घाव खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता तुटते. तिसरा उरलेल्या खुंटाला वेढ्याजवळ. एका हंगामात पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा समजावी. शेंडा सरसकट उडवणे सर्वांत घातक. तेथून फुटणारे धुमारे जोमाने वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते आणि काही वर्षांनी वादळात तेच प्रथम मोडतात. छाटणीपूर्वी घरटी पाहणेही आवश्यक आहे.

तोड अटळ असेल तेव्हा

घरांच्या दाटीत झाड बुडातून पाडता येत नाही. ते शेंड्याकडून तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येक तुकडा दोराने बांधून खाली सोडत उतरवावे लागते. शिरस्त्राण, कंबरपट्टा, मजबूत दोर, यंत्रकरवत चालवण्याचा सराव आणि खाली रिकामी केलेली जागा या किमान अटी होत. जवळून वीजवाहिनी जात असेल, तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही झाडावर चढू देऊ नये. माडावर चढण्यात तरबेज असलेला पाडेली करवतीच्या कामात तितकाच निष्णात असेल असे नाही. मजुरी ठरवताना अपघात विम्याची चौकशी करावी.

वड-पिंपळ तोडल्यावरही पुन्हा फुटतात. उज्जैनच्या भैरवगढ भागात शिप्रेच्या काठी असलेल्या सिद्धवटाची आख्यायिका हेच सांगते : झाड तोडून बुंध्यावर लोखंडी तवे ठोकले, तरी ते भेदून अंकुर आला. वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ कोवळा असतानाच मुळासकट काढावा. तो जाड झाल्यावर ओढून काढल्यास भिंतीचे दगडही निघतात. तेव्हा तो कापून, मूळ मारून, फट चुन्याने भरणे योग्य. जुन्या चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरू नये.

परवानगी आणि कायदा

आवार स्वतःचे असले, तरी तोडीला परवानगी लागते. उज्जैन शहरात ‘मध्य प्रदेश वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम, २००१’ लागू आहे. गोव्यात ‘गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा, १९८४’. दोन्हीकडे वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. गोव्यात २०१६ च्या दुरुस्तीने माड ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला होता. जनक्षोभानंतर २०१७ मध्ये सरकारने तो पुन्हा संरक्षणाखाली आणण्याचा निर्णय घेतला.

शेजाऱ्याचे झाड पडण्याच्या बेतात असेल आणि तो दाद देत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती आणि ती देशभर लागू आहे. अर्जासोबत तारखेसह छायाचित्रे, झाडाचे घरापासूनचे अंतर आणि आढळलेली लक्षणे नोंदवावीत. उज्जैनमध्ये असा अर्ज मे महिन्याआधी आणि गोव्यात मृगाच्या पावसाआधी पोहोचला, तर त्यावर वेळेत कार्यवाही होण्यास अवधी राहतो.