बर्फातली सोबत

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. उंची सुमारे २,४७० मीटर. रोमनांच्या काळापासून व्यापारी, यात्रेकरू आणि सैन्ये या वाटेने जात आली. १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनचे सैन्यही येथूनच इटलीत उतरले. खिंडीच्या माथ्यावर अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने धर्मशाळा उभारली. आलेल्या वाटसरूला जेवण आणि निवारा द्यायचा, हा तिथला नेम.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कुत्री आली, ती बहुधा राखणीसाठी. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका नोंदीत तर मांस भाजण्याची सळई फिरवणाऱ्या चाकात कुत्रा जुंपल्याचा उल्लेख आहे. मग हिवाळ्यात वाटसरूंना आणायला उतरणारे मठाचे सेवक त्यांना बरोबर नेऊ लागले. रुंद छातीचा कुत्रा पुढे चालून भुसभुशीत बर्फात वाट पाडी. धुक्यात माणसाला दोन पावलांवरचे दिसत नसे, तेव्हाही त्याला वाट सापडे. बर्फाखाली गाडला गेलेला माणूसही तो वासावरून हुडकून काढी.

यातलाच एक बॅरी, जन्म १८०० चा. त्याने चाळीसहून अधिक जीव वाचवले, असे सांगतात. एक्केचाळिसाव्या माणसाने त्याला लांडगा समजून भोसकले, ही गोष्ट तर जगभर पसरली. पॅरिसजवळच्या प्राण्यांच्या दफनभूमीतील स्मारकावरही तीच कोरली आहे. पण ती खरी नाही. थकलेल्या बॅरीला १८१२ मध्ये बर्न शहरी पाठवण्यात आले आणि १८१४ मध्ये तो तिथेच म्हातारा होऊन मेला.

त्याच्या गळ्यातले ब्रँडीचे पिंपही असेच. लँडसियर या इंग्रज चित्रकाराने १८२० च्या चित्रात ते काढले आणि ते लोकांच्या मनात कायमचे बसले. खरे तर गारठलेल्या माणसाला दारू घातकच. तिने अंगातली ऊब अधिक वेगाने निघून जाते. बर्नच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेला बॅरीही यातून सुटला नाही. १९२३ मध्ये त्याची नव्याने बांधणी झाली, तेव्हा त्याची झुकलेली मान उंच करण्यात आली.

आपल्याला वीर हवा असतो, तोही एकटा, ताठ मानेचा आणि शक्यतो हुतात्मा. बॅरी मात्र एकटा नव्हताच. त्याच्या मागून कंदील आणि काठी घेऊन माणूस चालत असे. वास कुत्र्याचा, फावडे माणसाचे. दोघांपैकी एकट्याने ते काम झाले नसते.

१९६४ मध्ये खिंडीखालून बोगदा झाला आणि हिवाळी वाहतूक डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. २००५ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे काम मठाने एका प्रतिष्ठानाकडे सोपवले. उन्हाळ्यात काही कुत्री माथ्यावर नेतात. पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. मान झुकवून बर्फ हुंगत चालणारा बॅरी त्या फोटोत नसतो. जीव वाचले ते मात्र त्या झुकलेल्या मानेमुळे.