शिक्का सोपवता येतो, किल्ली नाही

शहापूर-मुरबाडकडे पीककर्ज काढायचं असो की वारसनोंद लावायची असो, पहिला कागद लागतो तो सातबारा. आमच्या घरी जुना उतारा पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा. त्यावर तलाठ्याची सही आणि जांभळा गोल शिक्का. 1 मे 2018 ला राज्यात डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सुरुवात झाली आणि शाईचा शिक्का गेला. मी पहिल्यांदा तसा उतारा काढून दिला तेव्हा काका म्हणाले, "शिक्का नाय, मग हा खरा कशावरून?"

पीएचडीच्या मुलाखतीत विचारावा असा प्रश्न आहे हा. उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

शिक्कामोर्तब

मराठेशाहीतल्या पत्रावर दोन ठसे असत. वरच्या बाजूला मुद्रा आणि शेवटी मोर्तब. मुद्रा सांगायची, हुकूम कुणाचा. मोर्तब सांगायचं, मजकूर इथे संपला. याखाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही. आपण आजही 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो ते यावरूनच.

पहिल्या बाजीरावाच्या मुद्रेत आधी शाहू महाराजांचं नाव येतं, मग बाजीराव बल्लाळ प्रधानांचं. म्हणजे माझा अधिकार कुठून आला, हे मुद्राच सांगते. डिजिटल सर्टिफिकेटची साखळी अशीच असते. तलाठ्याच्या सर्टिफिकेटवर ते देणाऱ्या संस्थेची सही आणि त्या संस्थेच्या सर्टिफिकेटवर देशाच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीजची.

शिक्क्यात एक उणीव मात्र कायम राहिली. ठसा मजकुराला बांधलेला नसतो. 0.40 हेक्टरचं 0.90 केलं, तरी शिक्का तसाच दिसतो.

दोन किल्ल्या

1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी कल्पना मांडली की किल्ल्या दोन असाव्यात, एक सगळ्यांना वाटायची आणि एक फक्त स्वतःजवळ ठेवायची. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती गणितात बसवली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं महाकठीण. सगळा डोलारा त्यावर उभा. ब्रिटनच्या जीसीएचक्यूमध्ये जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स यांना हे 1970 ते 1973 मध्येच सुचलं होतं, पण ते गुप्त राहिलं आणि 1997 मध्ये जगाला कळलं. आणि ही सार्वजनिक किल्ली नक्की कुणाची, हे सांगणाऱ्या सर्टिफिकेटची कल्पना 1978 ची, लॉरेन कोनफेल्डर यांच्या एमआयटीतल्या पदवीच्या प्रबंधातली. पदवीच्या, पीएचडीच्या नाही! हे लक्षात ठेवा.

डिजिटल सही खासगी किल्लीने होते आणि सार्वजनिक किल्लीने तपासली जाते. सही मजकुरातूनच तयार होते, त्यामुळे फाइलमधला एक आकडा बदलला तरी तपासणी फसते. छापील उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की मूळ नोंद दिसते. काकांना मी तेच करून दाखवलं.

मग बिघडतं कुठे?

गणितात क्वचितच. जुलै 2014 मध्ये गूगलच्या डोमेनसाठी बनवलेली अनधिकृत सर्टिफिकेटं सापडली. ती आपल्याच नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या सर्टिफिकेट विभागातून निघाली होती. कंट्रोलरने त्या विभागाची सर्टिफिकेटं रद्द केली. कुणी मूळ संख्या शोधल्या नव्हत्या. सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच कुणीतरी भेदली होती.

गावपातळीवरचं कारण मला तरी जुन्या सवयीत दिसतं. शिक्का पदाचा असतो. बदली झाली की दप्तरासोबत तो पुढच्या माणसाला सोपवायचा. साहेब बाहेर असले तर कारकुनाने मारायचा. किल्ली माणसाची असते. पण टोकन दिसतं पेनड्राइव्हसारखं, मग तेही टेबलाच्या खणात जातं. एका ऑफिसात (कुठल्या ते राहू दे) मी टोकनला चिकटवलेल्या कागदावर पिन लिहिलेला पाहिलाय. टोकनमधली किल्ली कॉपी होत नाही, हे खरं. पण टोकन आणि पिन दोन्ही हाती आल्यावर कॉपी हवीये कुणाला?

आमच्याकडे याची किंमत जमिनीत मोजावी लागू शकते. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांच्या जमिनी आहेत. जमीन महसूल संहितेच्या 36 आणि 36-अ या कलमांमुळे आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला देता येत नाही. पण नोंदीला संरक्षण शेवटी सही करणाऱ्याच्या हाताचं.

17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने हे ओळखलंय. कलम 42 सांगतं की खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी धारकाने घ्यायची आणि ती फुटली तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचं. कळवेपर्यंतची जबाबदारी धारकाचीच. म्हणजे 'डोंगल ऑपरेटरकडे होता' म्हणून सुटका नाही.

आता तुमचं

हसू नका, मीही चुकलोय. पहिल्या वर्षी सर्व्हरचा अ‍ॅक्सेस हवा म्हणून सीनियरने सार्वजनिक किल्ली मागितली आणि मी 'डॉट पब' नसलेली फाइल, म्हणजे खासगी किल्लीच, ईमेलने पाठवली. त्याने एवढंच उत्तर दिलं, "नवी जोडी बनव. ही मेली." तेव्हा राग आला, आता कळतं की तो बरोबर होता. एकदा बाहेर गेलेली किल्ली परत आत येत नाही.

म्हणून एवढं पाळा. किल्ली ज्या मशीनवर वापरायची तिथेच बनवा. तिला पासफ्रेज ठेवा. कोडच्या रिपॉझिटरीत ती चुकूनही टाकू नका. गेलीच, तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या आवृत्तीत ती राहते, म्हणून किल्ली बदला. लॅब सोडताना तुमची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरून काढायला सांगा. आणि दुसऱ्याला काम करायचं असेल तर त्याला त्याची किल्ली द्या, तुमची नाही.

विषय शोधत असाल तर एक सुचवतो. नवी कूटपद्धती शोधायला बरेच जण आहेत. पण तालुक्याच्या ऑफिसात नेट गेलेलं असताना, बाहेर वीस माणसं उभी असताना, किल्ली दुसऱ्याच्या हातात न देता काम कसं चालवायचं, यावर अभ्यास हवा आहे. त्यासाठी आधी मुरबाडच्या एसटीत बसा, तहसील कचेरीत जा आणि एक दिवस नुसतं बघा.