थॅलेसेमिया : हिमोग्लोबिनसोबत उंचीचीही नोंद हवी

थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक विकारात मुलाला साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत या विकाराचे वाहक अधिक आढळतात. उल्हासनगरसारख्या शहराला तर हा आजार चांगलाच परिचित आहे. घरात सारी चर्चा हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती फिरते, हे स्वाभाविकच. परंतु मूल वर्गमित्रांपेक्षा ठेंगणे राहू लागले की 'आजारच तसा आहे' असे म्हणून विषय संपवला जातो, ते मात्र योग्य नव्हे. उंची खुंटण्यामागे बहुधा शोधता येण्याजोगे आणि पुष्कळदा उपचार करता येण्याजोगे कारण असते.

रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. निरोगी शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. उरलेले लोह यकृत व हृदयाप्रमाणेच अंतःस्रावी ग्रंथींत साचते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्याला विशेष बळी पडते. तिच्याकडून जननग्रंथींना मिळणारा संदेश क्षीण झाला की वयात येणे लांबते आणि त्या वयातली उंचीची झेप हुकते. थायरॉईड, परावटू ग्रंथी व स्वादुपिंडही सुटत नाहीत. किशोरवयीन मुलाच्या हातापायांना मुंग्या किंवा पेटके येत असतील, तर रक्तातील कॅल्शियम तपासलेच पाहिजे.

साचलेले लोह काढण्यासाठी पूर्वी डेस्फेरॉलचे इंजेक्शन पंपाद्वारे रात्री आठ-दहा तास त्वचेखाली द्यावे लागे. तोंडावाटे घ्यायचे डेफेरिप्रोन नंतर भारतात उपलब्ध झाले. डेफेरासिरॉक्सला अमेरिकेत २००५मध्ये मान्यता मिळाली. औषध टाळणे घातक, तसा अतिरेकही. लोहाचा साठा कमी असताना लहान वयात डेस्फेरॉलची मात्रा जास्त झाल्यास पाठीच्या कण्याची वाढ खुंटते, पाय मात्र त्या मानाने लांब दिसतात. म्हणून उभ्याची उंची मोजताना बसल्याची उंचीही मोजावी लागते. आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले लोहयुक्त टॉनिक या मुलांना कदापि देऊ नये.

हाडांवर तर दुहेरी आघात होतो. रक्त अपुरे मिळाले तर अस्थिमज्जा फुगते व हाडे आतून पातळ होतात. त्यात लैंगिक संप्रेरकांची आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता भर घालते. आजारी म्हणून मुलाला घरातच बसवून ठेवणे, ही आपल्याकडची सवय येथे महागात पडते. साधारण दहाव्या वर्षापासून हाडांच्या घनतेची तपासणी करतात. मात्र ठेंगण्या मुलाची घनता यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, त्यामुळे अहवालाचा अर्थ उंची लक्षात घेऊनच लावावा लागतो.

उंची दर सहा महिन्यांनी, शक्यतो एकाच मोजपट्टीवर, मोजावी. वयात येण्यापूर्वी वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. मुलीमध्ये १३ व्या आणि मुलामध्ये १४ व्या वर्षापर्यंत वयात येण्याची कोणतीही खूण दिसली नाही, तर अंतःस्रावतज्ज्ञांना दाखवण्यास विलंब करू नये. ते मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवतात आणि गरज असल्यास संप्रेरके अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. मात्रा घाईने वाढवली, तर हाडांची टोके अकाली जुळून उरलीसुरली वाढही थांबते.