कराची आणि मुंबई : अंतर व वेळ



दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाला भूगोलाच्या पुस्तकांत ठरलेलें उत्तर असतें. एका शहरांतून दुसऱ्या शहरीं पोंचण्यास वेळ किती लागतो, हें मात्र इतिहासालाच विचारावें लागतें. या दृष्टीनें कराची आणि मुंबई या दोन बंदरांची हकीगत मोठी बोधप्रद आहे.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर हें अंतर सुमारें ८८० किलोमीटर, म्हणजे साडेपांचशे मैल भरतें. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यांतच मोडत असे. त्यामुळें नोकरी-व्यवसायाच्या निमित्तानें अनेक मराठी कुटुंबें कराचीस जाऊन राहिलीं. तेथें १८५५ सालीं निघालेली सरकारी शाळा पुढें नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यांतील मराठी अधिकाऱ्याच्या नांवानेंच प्रसिद्ध झाली.

१९२९ सालीं लंडनची हवाई टपाल कराचीपर्यंत येऊं लागली. परंतु तेथून मुंबईकडे येणाऱ्या पत्रांस आगगाडीचा लांबचा, वळणावळणाचा मार्ग धरावा लागे. ही उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं भरून निघाली. त्या दिवशीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा एका एंजिनाचें लहानसें ‘पस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून एकटेच निघाले. बरोबर टपाल होती अवघी ५५ पौंड. अहमदाबादेस त्यांनीं पेट्रोल भरून घेतलें. त्याचे डबे विमानापाशीं आणले होते बैलगाडींतून! दुपारीं दोनच्या सुमारास ते जुहूच्या मैदानावर उतरले. एकूण वेळ लागला सुमारें साडेसात तास. पुढें बेल्लारीवरून मद्रासपर्यंत ही टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं नेली.

त्यानंतर विमानांचा वेग वाढला आणि हा प्रवास दीड तासावर आला. पण १९४७ सालीं याच मार्गावर देशांची सीमा आली. सिंधमधील हजारों निर्वासित कुटुंबें आगबोटींनीं मुंबईस आलीं, आणि त्यांतील पुष्कळांनीं कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आसरा घेतला. आजचें उल्हासनगर तें हेंच.

पुढें विमानें सुरूं झालीं, बंद पडलीं, पुन्हां सुरूं झालीं. १९७१ मध्यें तुटलेला हवाई संबंध १९७६ मध्यें जुळला. १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, टाटा यांनीं आपलें पहिलें उड्डाण त्याच मार्गानें पुन्हां करून दाखविलें. २००२ च्या आरंभीं वाहतूक पुन्हां थांबली ती २००४ पर्यंत. एप्रिल २०२५ मध्यें तर दोन्ही देशांनीं आपलें आकाशच एकमेकांच्या विमानांस बंद केलें.

अशा वेळीं मुंबईच्या माणसाला कराचीस जाणें झालें तर दुबईसारख्या तिसऱ्या शहराचा वळसा घ्यावा लागतो. मुंबई-दुबई-कराची हा फेरा तीन हजार किलोमीटरांहून अधिक होतो. दुबईंत दुसऱ्या विमानासाठीं थांबण्याचा वेळ त्यांत मिळविला, तर १९३२ मधील साडेसात तास सहज मागें पडतात. यंत्र अनेक पटींनीं वेगवान झालें, तरी प्रवासी तेव्हांपेक्षां उशिरा पोंचतो. कारण वेग देणें यंत्राच्या हातीं आहे, वाट देणें माणसांच्या.

म्हणून मुलांना नकाशा शिकवितांना दोन शहरांमधील प्रवासाच्या वेळेपुढें सालाचा आंकडाही अवश्य लिहावा, एवढीच एका जुन्या शिक्षकाची सूचना आहे.