पुन्हा भेटणारा भिडू

साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत ऑनलाइन खेळांचा विषय यावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण हे खेळ आता जवळजवळ पन्नास वर्षांचे झाले आहेत. माणसे जिथे पन्नास वर्षे जमतात, भांडतात, नियम करतात आणि मोडतात, त्या जागेला इतिहास असतोच. शिवाय आपली नातवंडे रोज रात्री कानाला हेडफोन लावून तिथेच बसलेली असतात. कधी ती कुणा अनोळखी मुलाशी तासभर गोडीने बोलतात, तर कधी त्याच तोंडून असे शब्द निघतात की, हे आपल्या घरात कुणी शिकवले, असा आपल्याला प्रश्न पडतो. त्याचे उत्तर आपण बहुधा मुलांच्या संस्कारांत शोधतो. मला ते त्या जागांच्या बांधणीत अधिक सापडते, आणि म्हणून त्या कशा बांधल्या गेल्या हे मुळापासून पाहावे लागते.

1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे तो रिचर्ड बार्टल याने वाढवला. चित्रे नव्हती, गुहा, दरवाजे, खजिना, सारे शब्दांत. बाहेरच्या मंडळींना विद्यापीठाचा संगणक मोकळा असेल तेव्हाच, म्हणजे रात्री उशिरा, आत येता येई. एकमेकांना ठार मारण्याची मुभा तिथे पहिल्यापासून होती. 1996 साली बार्टलने या अनुभवावर एक निबंध लिहिला आणि खेळाडूंना पत्त्यांच्या चार रंगांत बसवले. चौकट म्हणजे गुण आणि धन मिळवणारे, इस्पिक म्हणजे जग धुंडाळणारे, बदाम म्हणजे गप्पांसाठी येणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात मजा मानणारे. (इंग्रजीत किलवरला जे नाव आहे त्याचा अर्थ सोटा, हे इथे चांगलेच जुळते.) या वाटणीवर पुष्कळ लिहिले गेले, पण निबंधातला मोलाचा भाग पुढे आहे. या चार रंगांचे प्रमाण एकमेकांवर अवलंबून असते, असे बार्टल दाखवतो. सोटेवाले वाढले की बदामवाले निघून जातात. आणि हे प्रमाण खेळ बांधणाऱ्याला बदलता येते.

हा प्रश्न अमेरिकेत त्याआधीच उभा राहिला होता. 1986 साली लुकासफिल्म कंपनीने ‘हॅबिटॅट’ नावाचे चित्रमय गाव चाचणीसाठी खुले केले. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे कर्ते. लवकरच तिथे चोऱ्या आणि खून होऊ लागले. प्रत्यक्ष आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री असलेल्या एका खेळाडूने शस्त्र न उचलण्याची शपथ घेणारा पंथ काढला. दुसरीकडे गावाने शेरीफ निवडला. खून हा गुन्हा की खेळाचा भाग, असे कर्त्यांनी लोकांना विचारले, तर मते जवळजवळ निम्मी-निम्मी पडली. तेव्हा वस्तीच्या आत शस्त्रबंदी आणि बाहेरचे रान मोकळे, अशी तडजोड झाली. सभ्यतेचा झगडा लोकांच्या स्वभावावर न सोडता गावाच्या वेशीवर सोडवण्याचा हा मला माहीत असलेला पहिला प्रयोग.

आता जरा थांबून एका वाड्याची गोष्ट पाहू. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, पावेल कर्टिस यांनी 1990 च्या सुमारास ‘लॅम्डामू’ सुरू केले. हे मडचेच वंशज, पण इथे गुण नव्हते आणि जिंकणे-हरणेही नव्हते. कर्टिस यांच्या स्वतःच्या घरावर बेतलेला शब्दांचा एक मोठा वाडा होता. नवखा माणूस कोटांच्या कपाटातून बाहेर पडून दिवाणखान्यात येई आणि तिथे गप्पांचा फड जमलेला असे. व्यवस्थापकांना जादूगार म्हणत. तक्रारी निवारता निवारता ते थकले, आणि 1992 च्या अखेरीस कर्टिस यांनी जाहीर केले की जादूगार यापुढे यंत्रणा तेवढी सांभाळतील. माणसांची भांडणे माणसांनी मिटवावीत. थोडक्यात, मालकाने किल्ल्या खुंटीला टांगल्या.

मार्च 1993 मध्ये ‘मिस्टर बंगल’ असे नाव घेऊन वावरणाऱ्या एकाने भर दिवाणखान्यात एक प्रोग्राम चालवला. त्यातून इतरांच्या पात्रांच्या नावावर, त्यांच्या इच्छेविरुद्ध, लैंगिक अत्याचाराची बीभत्स वर्णने सर्वांसमोर उमटत गेली. पात्रे शब्दांची होती. पण पडद्यामागे बसलेल्या ज्या व्यक्तींवर हे गुदरले त्यांचे अश्रू खरे होते. ज्युलियन डिबेल यांनी हे सारे त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात लिहिले आणि त्या लेखाने इंटरनेटवरील वर्तनाच्या चर्चेला पहिल्यांदा गांभीर्य आले. पुढचे वर्णन आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या मंडळाची घटनादुरुस्तीची सभा पाहिली आहे त्यांना ओळखीचे वाटेल. सगळे जमले, तासन् तास बोलले. कुणी म्हणाले काढून टाका, कुणी म्हणाले तसा अधिकार आहे कुणाला? निर्णय झालाच नाही. सभा पांगल्यावर एका जादूगाराने स्वतःच्या जबाबदारीवर ते पात्र कायमचे पुसले. मग कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची रीतसर पद्धत घातली. तीही पुरी पडली नाही, आणि 1996 मध्ये जादूगारांनी अधिकार पुन्हा हाती घेतले. मधल्या काळात बंगल नवे नाव घेऊन परतलाही होता. नाव घ्यायला पैसाही पडत नव्हता.

लॅम्डामूकडे शेजार होता, लोकलाज होती, जिव्हाळा होता. वेळेवर निवाडा करणारा पंच मात्र नव्हता. केवळ पंच असून भागते का, याची परीक्षा पुढच्या खेळात झाली.

सप्टेंबर 1997 मध्ये टेक्सासच्या ओरिजिन कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ बाजारात आणले. त्याआधीच्या चाचणीत, ऑगस्टमध्ये, या जगाचा कर्ता रिचर्ड गॅरियट राजाच्या वेषात प्रजेला दर्शन द्यायला आला असता एका खेळाडूने मंत्राची आग टाकून राजालाच मारले. पुढे काय होणार याची ती वर्दीच होती. गावाबाहेर पाऊल टाकले की लिंबूटिंबू खेळाडू लुटला जाई. कंपनीने नावलौकिक मोजणाऱ्या पद्धती आणल्या, खुन्यांची नावे लाल केली, त्यांच्या शिरावर बक्षिसे लावली. लुटारू प्रत्येक नियमातून वाट काढत. अखेर 2000 साली जगाची एक नवी प्रत काढली गेली, जिथे संमतीशिवाय कुणी कुणाला मारू शकत नव्हते. बहुतेक प्रजा तिकडे निघून गेली. पण जुने खेळाडू आजही एक हळहळ सांगतात. लुटारूंच्या भीतीने गावे एकवटली होती, पहारे बसले होते, शेजारी शेजाऱ्याला हाक मारत होता. भीती गेली तशी हाक मारण्याची गरजही गेली. लुटारूंचे गोडवे मी गाणार नाही. त्यांनी हैराण करून घालवलेले लोक ही हळहळ सांगायला उरलेच नाहीत. तरीही त्या तक्रारीत तथ्य आहे.

नव्वदीच्या त्याच काळात ‘क्वेक’ आणि नंतर ‘काउंटर-स्ट्राइक’ हे गोळीबाराचे खेळ फोफावले. खेळ म्हणून ते रक्तबंबाळ, पण त्यांचे सर्व्हर बऱ्याचदा खेळाडूच वर्गणी काढून चालवत. तिथे रोजचे भिडू असत, आणि कुणी फारच बोलला तर सर्व्हरवाला त्याला बाहेर काढी. एका सर्व्हरवर शिव्यांचा पाऊस, तर शेजारच्यावर कडक शिस्त. खेळ तोच, बंदुका त्याच. खेळातली हिंसा मुलांना बिघडवते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या जागा पाहायला हव्या होत्या.

मग 2009 सालचे शेवटचे तीन महिने आले. माझ्या मते या इतिहासाचा सांधा इथे बदलतो. ऑक्टोबरात ‘लीग ऑफ लेजेंड्स’ आले. त्यात यंत्र पाच अनोळखी माणसांचा संघ जुळवून दुसऱ्या पाचांपुढे उभा करते. नोव्हेंबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ आले आणि संगणकावर खेळणाऱ्यांचे भाड्याचे सर्व्हर त्याने काढून टाकले. लाखाहून अधिक जणांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. खेळ तरीही धडाक्याने खपला. डिसेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने वेगवेगळ्या सर्व्हरांवरून माणसे आपोआप गोळा करण्याची सोय केली. तोवर तिथे भिडू हवा तर चारचौघांत विचारावे लागे, आणि वाटणीत लबाडी करणाऱ्याला ‘निंजा’ म्हणत. त्याचे नाव सर्व्हरभर होई. पुढच्या मोहिमेला त्याला कुणी घेत नसे. आता अर्ध्या तासाचे सोबती पुन्हा कधी भेटणारच नव्हते. घरसंसार सांभाळून तासभर खेळणाऱ्याला ही सोय वरदान वाटली, हेही खरेच. पण तिच्यासोबत चारचौघेच नाहीसे झाले.

‘लीग’मध्ये परिस्थिती आणखी बिकट. डाव साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा, मध्येच सोडला तर दंड, आणि एकाची चूक पाचांना भोवते. शिवीगाळ इतकी वाढली की रायट कंपनीने मानसशास्त्र, मेंदूविज्ञान शिकलेली माणसे नेमली. त्यांतल्या जेफ्री लिन यांनी सांगितलेले आकडे लक्षात ठेवावेत असे आहेत. सतत वाईट वागणारे खेळाडू सुमारे 1 टक्का निघाले, आणि एकूण शिवीगाळीतला त्यांचा वाटा होता जेमतेम 5 टक्के. बाकीची बहुतेक, एरवी नीट वागणाऱ्या माणसाचा एखादा दिवस वाईट गेल्यामुळे. म्हणजे हाकलून द्यायला कुणी फारसे नव्हतेच. प्रतिस्पर्ध्याशी बोलण्याची सोय त्यांनी मुळात बंद ठेवली, हवी त्याने चालू करावी असे केले. तेवढ्याने वाईट बोलणे सुमारे एक तृतीयांशाने उतरले, आणि बोलणे मात्र कमी झाले नाही. ज्यांना शिक्षा झाली त्यांना ती नेमक्या कोणत्या वाक्यांसाठी झाली हे दाखवले, तेव्हा सुधारणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

अनोळखी म्हणजे उद्धट, असा नियम मात्र काढता येत नाही. 2013 साली नव्याने उभा राहिलेला ‘फायनल फँटसी 14’ हा जपानी खेळही अनोळखी माणसे जुळवतो, पण त्याचा लौकिक सौम्यपणाचा. तिथे संघात लिंबूटिंबू असेल तर सर्वांना जादा बक्षीस मिळते. डाव संपला की एका सोबत्याला शाबासकी देता येते. पूर्ण खेळाला महिन्याची वर्गणी आहे, त्यामुळे नाव बदनाम करून घेणे परवडत नाही. नवखा तिथे ओझे ठरत नाही. त्याच्या येण्याने इतरांचे भले होते.

आपल्याकडे हा सारा प्रकार मोबाइलवरून घरोघर पोचला. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये बीजीएमआय या नावाने तोच खेळ नव्या कपड्यांत परतला. त्यात चौघांचा संघ स्वतः जमवता येतो किंवा यंत्राकडून मागून घेता येतो. इंदूरचा एक, बेळगावचे दोन आणि वडोदऱ्याचा एक असे मामे-आते भाऊ ठरवून खेळतात तेव्हाचे बोलणे, आणि त्यांतलाच एक जण रात्री दोन वाजता तीन अनोळखी भिडू घेऊन खेळतो तेव्हाचे बोलणे, आपण दाराआडून ऐकून पाहावे. पहिल्या डावात दिवाळीला आजीसमोर भेट ठरलेली असते.

अखेरीस एका लहान खेळाविषयी. मार्च 2012 मध्ये ‘जर्नी’ प्रसिद्ध झाला. जेनोवा चेन त्याचे दिग्दर्शक. वाळवंटातून एका डोंगराकडे जायचे, आणि वाटेत एखादा अनोळखी सोबती भेटतो. त्याचे नाव दिसत नाही आणि बोलताही येत नाही; फक्त एक सूर काढता येतो. घडणीच्या काळात पात्रे एकमेकांना धक्का देऊ शकत होती, आणि चाचणीला आलेली माणसे सोबत्याला ढकलून देण्यातच रमली. ती माणसे वाईट नव्हती. धक्का दिला की काहीतरी घडत होते, एवढेच. कर्त्यांनी धक्का काढून टाकला आणि जवळ येऊन स्पर्श केला की दोघांच्याही गळपट्ट्यात उडण्याचे बळ भरावे, अशी योजना केली. त्यानंतर माणसे थंडीवाऱ्यात एकमेकांना चिकटून चालू लागली, मागे राहिलेल्यासाठी थांबून सूर काढू लागली. वाटेत कोण कोण भेटले त्यांची नावे खेळ संपल्यावरच पडद्यावर येतात.